निळ्या पॉपीची पहिली कळी

मंडळी, पॉपी म्हटलं की आपल्याला आधी अफू आठवते, नाहीतर अनारशावरची खसखस. ते हंगामी रोप. पेरलं, फुललं, बोंडं धरली, संपलं. आज लिहितोय ते त्याच घराण्यातल्या, पण वर्षानुवर्षं जगणाऱ्या (निदान तशी आशा असणाऱ्या) हिमालयातल्या निळ्या पॉपीबद्दल.

ऑनसाईटला एडिंबराला होतो तेव्हा घरमालकीण आज्जींनी दोन कुंड्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी कळी आली की खुडून टाक." मला वाटलं आपलीच ऐकण्यात चूक झाली, स्कॉटिश उच्चार, दुसरं काय! ज्या फुलासाठी झाड लावायचं त्याचीच कळी खुडायची? मग तो सगळा वीकांत वाचण्यात गेला.

तर झालं असं, की १९१३ साली कॅप्टन फ्रेडरिक बेली आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा हेन्री मोर्सहेड तिबेटात भटकत होते. काम फुलांचं नव्हतंच. त्सांगपो नदी हिमालयाच्या पोटातून खाली आसामात कशी उतरते, वाटेत मोठा धबधबा आहे का, हे बघायचं होतं. जुलैमध्ये लुनांगजवळ बेलीला निळ्या पॉपी दिसल्या. पठ्ठ्याने एक फूल खिशातल्या वहीत दाबून ठेवलं. बी नाही, मुळं नाहीत. ते फूल लंडनच्या क्यू उद्यानात पोचलं. तिथले संचालक डेव्हिड प्रेन (हे आधी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते) यांनी तेवढ्या अपुऱ्या नमुन्यावरून १९१५ साली नवी जात जाहीर केली, 'मेकोनॉप्सिस बेलीआय'. नाव मिळालं, पण झाड बागेत एकही नाही! डॉक्युमेंटेशन तयार आणि कोडचा पत्ता नाही, असं आमच्याकडेही होतं.

खरं काम केलं फ्रँक किंग्डन-वॉर्डने. १९२४ साली लॉर्ड कॉडरबरोबर तो त्याच भागात गेला. त्याची पद्धत मला फार आवडते. उन्हाळ्यात फुलं बघून जागा हेरून ठेवायची आणि बी पिकलं की थंडीवाऱ्यात परत त्याच जागी यायचं. फोटो काढून निघून जाणारे आपण, हे दुसरं येणं करतो का कधी? त्याच्या बियांपासूनची रोपं १९२६ पर्यंत ब्रिटनमध्ये फुलली आणि बागवाले वेडे झाले.

नावाची गंमत अजून संपली नव्हती. फ्रेंच मिशनरी देलावे याने १८८६ सालीच युन्नानमध्ये अशीच एक पॉपी गोळा केली होती आणि तिला 'बेटोनिसिफोलिया' हे नाव मिळालं होतं. १९३४ साली जॉर्ज टेलरने दोन्ही एकच ठरवून बेलीचं नाव पुसलं. पंचाहत्तर वर्षांनी, २००९ मध्ये, क्रिस्टोफर ग्रे-विल्सनने त्या वेगळ्या जाती असल्याचं दाखवून ते परत आणलं.

आता आज्जींच्या कळीकडे. या पॉपीचा स्वभावच उधळ्या. कोवळ्या, एकाच गड्ड्याच्या रोपाला फुलू दिलं तर सगळी ताकद फुलात आणि बियांत घालून ते बरेचदा मरून जातं. पहिल्या वर्षी कळी खुडली की ताकद खाली वळते, बुंध्याशी नवे फुटवे येतात आणि मग झाड वर्षानुवर्षं टिकण्याची शक्यता वाढते. बाकी लाड ठरलेले: आम्लधर्मी, पालापाचोळ्याच्या खताची ओलसर माती, पण पाणी साचता कामा नये, आणि थंड उन्हाळा. म्हणूनच स्कॉटलंडमध्ये ती माजते. माती चुनखडीची असली तर निळा रंगही जांभळट पडतो. हिवाळ्यात पानं पार नाहीशी होतात, तेव्हा 'मेलं' म्हणून जागा खणायची नाही. बी ताजं असतानाच पेरायचं, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचं. जुनं झालं की रुजणं कठीण.

एका कुंडीतली कळी मी खुडली. दुसरीपाशी कात्री घेऊन तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. फुलली ती. असा निळा रंग मी आधी फक्त मॉनिटरवर बघितला होता. आठवडाभर हापिसातून धावत घरी यायचो.

पुढच्या वसंतात पहिल्या कुंडीत तीन फुटवे आले. दुसरीत नुसती माती. (सॅम्पल साइझ दोन, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही, ठाऊक आहे.) आज्जींना सांगितलं तर हसल्या. त्यांनीही पहिली कळी खुडली नव्हती म्हणे.