निळी पेटी आणि साठ हजारांचं कार्ड



बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगून टाकतो. मी विमान चालवत होतो. कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू.

अर्थात घरातल्या कॉम्प्युटरवर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा पस मॉथ नावाचं छोटं विमान घेऊन, टपालाच्या थैल्यांसह कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूच्या मैदानावर उतरले. आपल्या देशी विमान टपालाची ती सुरुवात. वर्गात हा प्रसंग मी कितीतरी वर्षं शिकवला, पण खडू घेऊन फळ्यावर बाण काढण्यापलीकडे कधी गेलो नाही. आता निवृत्तीनंतर तोच बाण सेसना १५२ घेऊन पुन्हा पुन्हा काढतो आहे.

अडचण एकच. कच्छ, सौराष्ट्र, गुजरातची किनारपट्टी हे सगळं झकास दिसतं. पण वसईची खाडी ओलांडली आणि मुंबईच्या इमारती उगवायला लागल्या की चित्र अडखळतं. विमान पुढे न जाता उड्या मारत जातं, आणि ऐन उतरायच्या वेळी हाताने केलेली हालचाल पडद्यावर उशिरा पोचते. पाचपैकी तीन वेळा मी जुहूला आपटलो.

नातू म्हणाला, "आजोबा, तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. नवीन घ्या." कार्ड त्यानेच वापरून मला दिलेलं, जीटीएक्स १०६०, म्हणजे २०१६ च्या सुमाराचं. बाजारात चौकशी केली. मध्यम दर्जाचं नवं कार्ड, त्याला पुरेल असा एसएमपीएस, आणि ते लांबलचक कार्ड मावेल असं कॅबिनेट असं सगळं धरून दुकानदाराने साठ हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला.

साठ हजार माझ्याकडे होते. पण ते कानाच्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले होते. गेली तीन वर्षं मी ते यंत्र पुढे ढकलतो आहे. "अहो, तुम्हाला दिसत नाही असं नाही, ऐकू येत नाही," असं आमच्या घरातून रोज ऐकवलं जातं. (ते मात्र मला स्पष्ट ऐकू येतं.)

निर्णय काही होईना. मग जन्मभराच्या सवयीप्रमाणे इतिहास काढून बसलो. म्हटलं, विमान शिकायला मुळात किती दिसावं लागतं, हा प्रश्न माझ्याआधी कुणाला तरी पडलाच असेल. तो पडला होता, आणि ज्याला पडला त्याचं उत्तर वाचून मी थक्क झालो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. तिथे लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. या घरातल्या एडविन लिंकला विमानाचं वेड लागलं. १९२० साली त्याने ५० डॉलर मोजून पहिला धडा घेतला. धडा घेतला चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी याच्या विमान कंपनीत, बरं का! तासाभरात वैमानिकाने बऱ्याच गिरक्या घेतल्या, पण लिंकला दांडीला हातसुद्धा लावू दिला नाही. शिकणाऱ्याच्या हातात काहीच न देणारा धडा किती महाग पडतो हे मास्तर म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. लिंकच्या डोक्यात तेव्हापासून एकच: विमान जमिनीवरच शिकता आलं पाहिजे, आणि स्वस्तात.

पुढे त्याने एक बुटकी, आखूड पंखांची, विमानासारखी दिसणारी पेटी बनवली. खाली ऑर्गनचे भाते. दांडी हलवली की झडपा उघडायच्या, एका भात्यातली हवा जायची, दुसऱ्यात भरायची आणि पेटी त्या बाजूला कलायची. १९२९ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. या यंत्राला पुढे सगळे 'ब्लू बॉक्स' म्हणू लागले, म्हणजे निळी पेटी. आपल्याकडे हार्मोनियमला पेटीच म्हणतात आणि तिच्यातही भाताच असतो, हे लिंकला कुणी सांगितलं असतं तर खूश झाला असता.

पण विमान-शाळांनी ती घेतली नाही. गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या बागांमधलं. नाणं टाका आणि हलत्या विमानात बसा! पाळण्याशेजारी उभी राहिली बिचारी.

मग आलं १९३४. अमेरिकेत विमान टपालाच्या कंत्राटांवरून घोटाळ्याचा गवगवा झाला आणि फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची कंत्राटं रद्द करून टपाल लष्कराच्या विमानांकडे सोपवलं. वैमानिक शूर होते, पण उघड्या आकाशात, जमीन बघत उडायला शिकलेले. आणि तो हिवाळा होता. धुकं, बर्फ, रात्रीच्या फेऱ्या. काही आठवड्यांत अपघातांची रांग लागली आणि डझनभर वैमानिक प्राणाला मुकले. पत्रं पोचवताना!

यातली गोम समजून घेण्यासारखी आहे. आपला तोल आपल्याला कळतो तो आतल्या कानामुळे. तिथे बारीक नळ्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो मागे राहतो आणि वळल्याची जाणीव होते. पण विमान अगदी सावकाश, बराच वेळ वळत राहिलं तर तो द्रवही वेग पकडतो, आणि माणसाला वाटतं आपण सरळच चाललोय. ढगात क्षितिज दिसत नाही, म्हणजे डोळ्याचा आधार गेलेला. त्यात वैमानिकाने विमान खरोखर सरळ केलं, तर कान ओरडून सांगतो की तू उलट बाजूला वळतोयस. मग तो 'दुरुस्ती' करतो आणि भोवऱ्यासारखा खाली जातो. शूरपणाचा इथे काही उपयोग नाही. समोरच्या तबकड्या काय म्हणतात तेवढंच खरं धरायचं, आणि कानाचं ऐकायचं नाही, ही सवय लावून घ्यावी लागते. जिमी डूलिटलने सप्टेंबर १९२९ मध्ये झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर न बघता, नुसत्या यंत्रांवर उड्डाण करून उतरून दाखवलं होतं. म्हणजे ज्ञान होतं. ते सामान्य वैमानिकापर्यंत पोचवणारी शाळा नव्हती.

ती शाळा लिंकच्या पेटीत होती. लष्कराचे अधिकारी नुवार्कच्या विमानतळावर त्याची वाट बघत होते. हवा इतकी वाईट, की आज हा काही येत नाही असं त्यांनी धरून चाललं. आणि त्या धुक्यातून लिंक स्वतः विमान चालवत आला आणि उतरला. दुसरं प्रात्यक्षिक काय हवं? लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरप्रमाणे सहा पेट्या घेतल्या. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून जास्त बनल्या.

आता माझ्या प्रश्नाकडे या. त्या पेटीत बसलेल्याला बाहेरचं काय दिसायचं? काही नाही! वरून झाकण बंद. आत तबकड्या आणि कानात शिक्षकाचा आवाज. शिक्षक बाहेर टेबलाशी बसलेला, आणि त्याच्या टेबलावरच्या नकाशावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र शाईने रेघ ओढत जायचं. विद्यार्थ्याला वाटतं मी पुण्याला निघालो, आणि शाई दाखवते की हा चालला कोल्हापूरला. (गावं माझी. फळ्यावरचा माझा बाण आठवला, म्हणून.) शाईची रेघ खोटं बोलत नाही आणि विद्यार्थ्याला रागही येत नाही. असं साधन मला शाळेत मिळालं असतं तर!

बाहेरचं दृश्य फार नंतर आलं, आणि आलं ते जमिनीवर उतरण्याच्या सरावासाठी. तिथे मात्र डोळ्यांशिवाय भागत नाही. आधी काय करत, तर विमानतळ आणि आसपासच्या गावाचं मोठं मॉडेल बनवायचं, घरं-झाडं-रस्त्यांसकट, आपण गणपतीत देखावा करतो तसं. त्यावरून टीव्हीचा कॅमेरा फिरवायचा आणि त्याचं चित्र वैमानिकापुढे. वैमानिक दांडी हलवतो, कॅमेरा सरकतो. मॉडेल संपलं की जग संपलं. १९७० च्या दशकात कॉम्प्युटर चित्र काढू लागला, पण आधी फक्त रात्रीचं. कारण रात्रीचा विमानतळ म्हणजे काळ्यावर दिव्यांचे ठिपके, आणि ठिपके काढणं कॉम्प्युटरला सोपं. त्यामुळे तिथे रात्र आधी झाली आणि दिवस नंतर उजाडला.

घरात हे आणलं ब्रूस आर्टविकने. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली त्याने कॉम्प्युटरवर उड्डाणाचं चालतं चित्र काढण्यावर प्रबंध लिहिला, मग कंपनी काढली, आणि १९७९-८० च्या सुमारास अ‍ॅपल टूवर त्याचं फ्लाइट सिम्युलेटर आलं. त्यातली सगळी पृथ्वी म्हणजे सहा गुणिले सहा, छत्तीस चौकोन. रेघांचे डोंगर. चित्र सेकंदाला जेमतेम काही वेळा बदलायचं. लोक त्यावरही तासन्‌तास बसले. १९८२ मध्ये ते मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आलं आणि पुढची अनेक वर्षं त्यात उड्डाण सुरू व्हायचं शिकागोच्या मेग्ज फील्डवरून. मार्च २००३ मध्ये शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर पाठवून त्या खऱ्या धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खणून ठेवल्या. त्याच वर्षी आलेल्या सिम्युलेटरमध्ये मात्र ती धावपट्टी शाबूत होती. खरा नकाशा बदलला आणि खोटा टिकला, हे माझ्यासारख्या इतिहासवाल्याला अजून सुचू देत नाही.

यापुढची गोष्ट कार्डांची. १९९६ ला व्हूडू कार्ड आलं, आणि चित्र काढण्याचं काम मुख्य प्रोसेसरकडून कार्डाकडे जाऊ लागलं. तेव्हापासून दर नव्या आवृत्तीला नवं कार्ड, असा शिरस्ताच पडला. पण २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सने बऱ्याच जणांना फसवलं. लोकांनी महागडी कार्डं आणली आणि चित्र तेवढंच अडखळत राहिलं. कारण ओझं कार्डावर नव्हतंच. ते पडलं होतं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, बाकीचे जवळजवळ हात बांधून उभे. कंपनीने २००७ मध्ये दुरुस्ती काढून काम थोडं वाटून दिलं. २०२० च्या आवृत्तीने तर अख्ख्या पृथ्वीची उपग्रहचित्रं इंटरनेटवरून ओतायला सुरुवात केली. पण विमानाची गती, हवामान, इतर विमानं, इमारतींची मांडणी हा हिशोब प्रोसेसरलाच करावा लागतो.

हे वाचलं आणि मी चमकलो. माझं कार्ड दमलंय हे कुणी तपासलं होतं? नातवाने सांगितलं, दुकानदाराने मान डोलावली आणि मी विश्वास ठेवला. ढगातल्या वैमानिकासारखं! तबकडी बघितलीच नव्हती.

तबकडी तिथेच होती. सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये एक आकडेवारी उघडते. त्यात सेकंदाला किती चित्रं निघतात ते दिसतं आणि कोण मागे पडतंय तेही, कार्ड की मुख्य धागा, ज्याला ते 'मेनथ्रेड' म्हणतात. मी वही घेऊन बसलो. सौराष्ट्रावर सेकंदाला ४२ चित्रं, अडसर कार्डाचा. पण ४२ मला भरपूर आहेत. अंधेरीवर २१, अडसर मेनथ्रेडचा. मग दुसरी परीक्षा घेतली. चित्राचा बारीकपणा १०० वरून ६० वर आणला. कार्ड दमलं असतं तर अशाने आकडा चढायला हवा. सौराष्ट्रावर चढला, अंधेरीवर २१ चे २२ झाले. म्हणजे जिथे मला काही अडत नव्हतं तिथे नवं कार्ड मदत करणार होतं, आणि जिथे मी आपटत होतो तिथे नाही.

नातवाला फोन करून आकडे वाचून दाखवले. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आजोबा, मग प्रोसेसर बदलायला हवा." त्यासाठी मदरबोर्डही बदलावा लागतो, हे तो हळू आवाजात म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती सोय तेव्हा होती.

तूर्त सेटिंगमध्ये इमारती आणि रहदारी कमी केली. अंधेरी थोडी ओसाड झाली, पण आकडा ३० च्या पुढे गेला आणि हात नि पडदा जुळले. तशीही १९३२ साली तिथे इमारती कुठे होत्या? एका परीने माझी मुंबई जेआरडींच्या मुंबईच्या जवळ आली. त्यांनी स्वतः १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, हेच उड्डाण लेपर्ड मॉथमधून पुन्हा करून दाखवलं होतं, खऱ्या आकाशात. मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि खुर्चीत बसलेलो आहे, तेव्हा फार कुरकुर करायला जागा नाही.

साठ हजार गेल्या महिन्यात कानाला लागले. पहिले दोन दिवस भांड्यांचा आवाज असह्य झाला. तिसऱ्या दिवशी कराचीहून निघालो. अहमदाबादला तेल भरलं, वसई ओलांडली, डावीकडे गोराई, मग वर्सोवा. जुहूची पट्टी समोर आली, इंजिन मंद केलं. खाली टेकलो तेव्हा 'चर्र' असा एक छोटा आवाज आला. आधी कळेना काय मोडलं. मग लक्षात आलं, चाकं जमिनीला लागली की ती असा आवाज करतात. तीन वर्षं करत असणार.