ताटाला पाय कशासाठी? झुलूंच्या लाकडी भांड्यांची गोष्ट

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात झुलू कुटुंबात लग्न असो वा पूर्वजांसाठीचा विधी, जनावर कापलं जातं. ते मांस वाढण्याचं पारंपरिक लाकडी ताट म्हणजे ‘उगोको’. (मूळ उच्चारात ‘ग’च्या जागी जीभ टाळ्यावरून सोडल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो.)

ताट कसं असतं?

एकाच लाकडातून कोरलेलं, लांबट आणि खाली आखूड पाय. पायांमुळे मांस जमिनीला टेकत नाही. लाकूड बऱ्याचदा तापवलेल्या लोखंडाने डागून काळं करतात.

नक्षी खालच्या बाजूला का?

वापर झाला की ताट भिंतीला टांगून ठेवत. तेव्हा दिसते ती त्याची खालची बाजू, म्हणून अनेक ताटांची नक्षी तिथेच असते. त्यातले उंचवट्यांचे ठिपके म्हणजे ‘अमासुम्पा’, शब्दशः ‘चामखिळी’. या ठिपक्यांत गुरांचा कळप दिसतो, असं काही अभ्यासक मानतात.

दुधाचं भांडं वेगळं

धार काढण्यासाठी ‘इथुंगा’ हे उंच, अरुंद लाकडी भांडं असतं. धार काढणारा ते गुडघ्यांत धरतो. ते निसटू नये म्हणून बाजूला लाकडाचेच उंचवटे ठेवलेले असतात. हे दूध ‘इगुला’ नावाच्या वाळक्या भोपळ्यात विरजतं आणि त्याचं ‘अमासी’ होतं. पूर्वी अमासी कुणाबरोबरही खात नसत, ते आपल्याच कुळातल्यांबरोबर खायचं. नवी सुनबाईसुद्धा ठरावीक विधी होईपर्यंत सासरचं अमासी खात नसे.

कोण काय बनवतं?

परंपरेने लाकूडकाम आणि गुरांची कामं पुरुषांची, तर बिअरची मातीची भांडी (‘उखाम्बा’) घडवणं बायकांचं.

पूर्वजांचा वाटा

झोपडीत दारासमोरच्या मागच्या भागाला ‘उमसामो’ म्हणतात. ही पूर्वजांची, म्हणजे ‘अमाद्लोझीं’ची जागा. विधीच्या वेळी मांस आणि बिअर आधी इथे ठेवतात, मग घरचे आणि पाहुणे खातात. म्हणजे जेवणाच्या पंगतीत गेलेली माणसंही असतात.

आज काय?

रोजच्या वापरात धातूची आणि प्लास्टिकची भांडी आली. जुनी लाकडी भांडी संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे पोहोचली. काचेच्या कपाटात ताट सरळ ठेवलं, तर खालची नक्षी झाकलीच जाते. त्यामुळे पुढच्या वेळी असं ताट दिसलं, तर जरा वाकून खालून पाहा.