फडाचे पाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी आपणांस ज्या इतिहासाकडे नेणार आहे, त्यात तलवार नाही. आहे ती कुदळ आणि पाटाने येणारे बेताचे पाणी. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फडपद्धती काही शतकांची जुनी आहे. पर्यावरण टिकवून जगावे, हे आपण आता सभांतून शिकतो; त्या खेड्यांनी तो नेम शब्दावाचून पाळला.

रचना साधी होती. नदीवर एक बुटका दगडी बंधारा घालावयाचा. तो नदी कोंडून ठेवीत नसे. पाण्याची पातळी थोडी उचलून ते पाटात वळवी, आणि उरलेले पाणी माथ्यावरून खालच्या गावाकडे जाई. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड पाडीत. एका फडात एकच पीक. यंदा जेथे ऊस, तेथे पुढे कमी पाण्याचे पीक. त्यामुळे जमिनीला विसावा मिळे आणि पाण्याची नासाडी टळे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. मालकाने आपल्या मर्जीने बारे फोडावयाचे नाही.

खरी कसोटी टंचाईच्या साली लागे. नदी आटलेली दिसली की कोणता फड भिजवावा आणि कोणता कोरडा ठेवावा, हे पंच ठरवीत. व्यवस्थेची मेख येथेच आहे. शेतकऱ्यांची जमीन साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. म्हणून एक फड कोरडा राहिला, तर झळ साऱ्यांनाच पोचे. ती माणसे साधुसंत होती असे नव्हे. शेजाऱ्याची तूट ती आपलीही तूट ठरावी, अशी जमिनीची मांडणीच होती.

मात्र याला रामराज्य समजू नये. ज्याला जमीन नाही, त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता.

पुढे विहिरी वाढल्या, पंप आले, नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मग सर्वांच्या पाटातला गाळ काढावयास कोण जाणार? बरेच फड असे मोडले.

श्रोतेहो, आपण शहरातली माणसेही एकाच पाटावर बसलो आहोत; फक्त तो पाट जमिनीखालून, नळातून येतो, म्हणून दिसत नाही. एका वस्तीत टँकरपुढे घागरींची रांग लागते, त्याच दिवशी दुसरीकडे मोटारी धुतल्या जातात. ज्याला तूट कधी भोगावी लागत नाही, त्याला काटकसर शिकवून येत नाही. पाणी वाटणे सोपे आहे; त्या खेड्यांनी टंचाई वाटून घेतली. तेवढे आपणांस साधले, तर पुष्कळ साधले.