कुलकर्णी, श्रीनिवास रामचंद्र

श्रीनिवास रामचंद्र कुलकर्णी (जन्म ४ ऑक्टोबर १९५६) हे भारतीय-अमेरिकी निरीक्षक खगोलशास्त्रज्ञ असून कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे त्यांचे जन्मगाव होय. बालपण हुबळीत गेल्यावर दिल्लीच्या आयआयटीतून १९७८ मध्ये भौतिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, १९८३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली आणि १९८५ पासून ते कॅलटेक या संस्थेशी निगडित आहेत. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी होत.

विद्यार्थिदशेतच, १९८२ मध्ये, डोनाल्ड बॅकर यांच्या गटात त्यांनी आरेसीबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून पहिला मिलिसेकंद स्पंदक शोधण्यात मोलाचा वाटा उचलला. स्पंदक म्हणजे स्वतःभोवती फिरणारा अतिघन न्यूट्रॉन तारा होय. त्याचा रेडिओ झोत दर फेरीस पृथ्वीवरून सरकतो, म्हणून त्याचे ठोके ऐकू आल्यासारखे नोंदले जातात. तोवरचा सर्वांत वेगवान, क्रॅब अभ्रिकेतील स्पंदक एका फेरीस ३३ मिलिसेकंद घेत असे, तर नव्या ताऱ्याला जेमतेम १.५६ मिलिसेकंद पुरत, म्हणजे सेकंदाला सुमारे ६४२ फेऱ्या. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतल्याने वृद्ध ताऱ्यास अशी गती येते, हे स्पष्टीकरण पुढे रूढ झाले. मात्र या पहिल्याच स्पंदकाला आज जोडीदार नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

१९९५ मध्ये त्यांच्या गटाने पालोमार वेधशाळेतून ग्लीझ २२९ बी हा तपकिरी बटुतारा, म्हणजे हायड्रोजनचे स्थिर ज्वलन साधण्याइतके वस्तुमान नसलेला गोल, जाहीर केला. सुमारे १९ प्रकाशवर्षांवरील या गोलाच्या वर्णपटात मिथेन आढळले, आणि ताऱ्यांच्या उष्णतेत मिथेन टिकत नसल्याने तो तारा नसल्याबद्दल शंका उरली नाही. २०२४ मध्ये तो एक नसून परस्परांभोवती फिरणारी जोडी असल्याचे दिसून आले. १९९७ मध्ये केक दुर्बिणीने घेतलेल्या एका गॅमा-किरण स्फोटाच्या वर्णपटावरून, हे स्फोट आपल्या दीर्घिकेबाहेर अब्जावधी प्रकाशवर्षांवर घडतात हे सिद्ध करणाऱ्या गटातही ते होते.

यांपैकी कोणत्याही एका शोधापेक्षा त्यांचे अधिक टिकाऊ कार्य कदाचित आकाशाच्या पद्धतशीर पहाऱ्याची उभारणी हे ठरेल. २००९ मधील पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी आणि २०१८ पासूनची झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या प्रकल्पांत १.२ मीटर व्यासाच्या जुन्या दुर्बिणीवर विशाल कॅमेरा बसवून, काही रात्रींत उत्तर आकाश पुनःपुन्हा टिपले जाते आणि आधीच्या प्रतिमेशी ताडून नव्याने उजळलेले तारे संगणक निवडतो. शॉ पारितोषिक (२०२४) त्यांना या दीर्घ कार्याबद्दल मिळाले. त्यांच्या विद्यार्थिनी मानसी कासलीवाल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रोथ या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आयआयटी मुंबई सहभागी असून, पालोमारला दिवस उजाडल्यानंतर लडाखमधील हान्ले येथील दुर्बिणीतून अशा नव्याने उजळलेल्या ताऱ्यांचा मागोवा घेता येतो.