बॅटरीला पाणी कोण घालणार?

जुन्या गाडीचं इंजिन काढायचं, मोटर बसवायची, डिकीत बॅटऱ्या भरायच्या आणि झाली इलेक्ट्रिक गाडी! कल्पना आजची वाटते ना? पण मंडळी, १९५९ साली अमेरिकेत अशी गाडी रीतसर विकायला आली होती. रेनॉची छोटी डॉफिन इंजिनाशिवाय घेऊन तिच्यात मोटर घातली आणि नाव ठेवलं 'हेनी किलोवॅट'. १९६० चं मॉडेल ७२ व्होल्टचं होतं, म्हणजे ६ व्होल्टच्या १२ बॅटऱ्या सीरिजमध्ये. पन्नासही गाड्या विकल्या गेल्या नाहीत. आणि त्यातल्या बऱ्याचशा घेतल्या कुणी? वीज कंपन्यांनी!

त्यांना वीज खपवायची होती हे तर उघडच आहे. पण मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्याकडे वर्कशॉप होतं, बॅटरी समजणारी माणसं होती. सामान्य गिऱ्हाइकाकडे यातलं काय होतं?

लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी घरी इन्व्हर्टर घेतला त्यांना हे लगेच कळेल. लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे घरातलं लाडावलेलं पोर. जास्त चार्ज केली की पाण्याचा वायू होऊन उडून जातो, मग डिस्टिल्ड वॉटर घाला. डिस्चार्ज करून तशीच ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि बॅटरीचा जीव कमी होतो. हे झालं एका बॅटरीचं. सीरिजमध्ये १२ असतील तर सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो आणखी मरतो. एकाचं दुखणं सगळ्यांना!

म्हणजे प्रश्न फक्त तंत्राचा नाही, प्रश्न 'हे बघणार कोण?' हा आहे. आणि तो हेनी किलोवॅटच्याही साठ वर्षं आधीचा आहे.

१८९७ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर डझनभर इलेक्ट्रिक टॅक्सी आल्या. बॅटरी शेकडो किलोची. पण टॅक्सी स्टेशनात आली की यंत्राने ती अख्खी बॅटरी बाहेर ओढून चार्ज केलेली आत सरकवायचे, काम काही मिनिटांचं. गाडी धंद्याला परत, आणि काढलेली बॅटरी जाणकारांच्या ताब्यात. गाड्या थोड्या होत्या आणि सगळ्या एका छपराखाली यायच्या, तोवर हे जमलं.

मग १८९९ मध्ये मोठे भांडवलदार आले. बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया... हजारो टॅक्सींचे बेत! गाड्या कारखान्यात बनवता येतात, बॅटरी सांभाळणारी माणसं अशी एका वर्षात कुठून आणणार? बॅटऱ्यांची आबाळ झाली. शेअर बाजारातले उद्योग आणि पेटंटची भांडणंही होतीच. १९०७ मध्ये इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीचं दिवाळं वाजलं.

याच्या उलट उदाहरण कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचं. तिथल्या वीज कंपनीच्या योजनेत गिऱ्हाइकाने ट्रक घ्यायचा तो बॅटरीशिवाय! बॅटरी कंपनीची, चार्जिंग कंपनीचं, निगाही कंपनीची. आपण फक्त महिन्याचे ठराविक पैसे आणि वर मैलाप्रमाणे आकार द्यायचा. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर ६० लाख मैलांहून जास्त धाव झाली. बॅटरी तीच, रसायनही जवळजवळ तेच. फरक एवढाच की ती बिघडली तर नुकसान कुणाचं हे आधीच ठरलेलं होतं. ज्याचं नुकसान, तो काळजी घेणारच.

आता तुम्ही म्हणाल, आज लिथियम आहे, पाणी घालायला नको. खरंय. पाणी घालणाऱ्या माणसाच्या जागी आज बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, आली आहे. ती प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघते, तापमान बघते, सेल समपातळीत ठेवते, गरज पडली तर चार्जिंग तोडते. आमच्या जातीचं काम, सॉफ्टवेअरचं :-)

पण टर्मिनलचा सैल झालेला बोल्ट सॉफ्टवेअर आवळत नाही. मे महिन्यात १०० टक्के चार्ज करून गाडी उन्हात आठवडाभर उभी केली, तर सेल लवकर म्हातारे होणारच. आणि कन्व्हर्ट केलेल्या गाडीत तर गाडी एकाची, मोटर दुसऱ्याची, सेल तिसऱ्याचे, जोडणारा चौथाच. पुण्याची एआरएआय अशा किटची चाचणी करून मान्यता देते. पण चाचणी किटची होते, पुढच्या आठ वर्षांच्या निगेची नाही.

म्हणून कुणी मित्र जुनी गाडी इलेक्ट्रिक करायची म्हणाला, की रेंज किती हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तीन वर्षांनी एक सेल गेला तर पॅक कोण उघडणार? त्याचं नाव आणि पत्ता आहे का तुझ्याकडे? असेल तर खुशाल कर. नसेल तर न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांना ते उत्तर केवढ्याला पडलं ते वर लिहिलंच आहे.