एकोणतीस डॉलरांचे रिव्हॉल्व्हर

जुने रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळाले असे आपल्याकडे कोणी सांगितले, तर ऐकणारा आधी दार लावून घेईल आणि मग पोलीस ठाण्याचा विचार करील. अमेरिकेत हीच गोष्ट जुन्या बाजारात सापडलेल्या पितळी समईसारखी कौतुकाने सांगतात. गेल्या शतकात तिथे लाखो जुनी लष्करी शस्त्रे अशी किरकोळ भावाने विकली गेली. ती इतकी स्वस्त का होती, आणि त्या स्वस्ताईची वाट कुठून कुठे गेली, हे एकाच शस्त्राच्या आधाराने आज पाहू. आमच्या होमिओपॅथीत रोग्याला औषधाआधी तासभर पूर्वेतिहास विचारतात. त्याच सवयीने मी या रिव्हॉल्व्हरचा पूर्वेतिहास घेतला आहे. सुदैवाने तो वॉरेन आयोगाच्या अहवालात बारकाईने नोंदलेला आहे.

शस्त्राचा क्रमांक व्ही ५१०२१०. कारखाना स्मिथ अँड वेसन, गाव स्प्रिंगफील्ड, राज्य मॅसॅच्युसेट्स. क्रमांकातला ‘व्ही’ हा ‘व्हिक्टरी’चा, म्हणजे विजयाचा. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने ब्रिटनसाठी स्वयंचलित बंदूक बनवायला घेतली, तिच्यासाठी ब्रिटिशांनी दहा लाख डॉलर आगाऊ दिले. बंदूक काही जमली नाही आणि पैसे तर खर्च झालेले. कंपनी बुडायची वेळ आली. तेव्हा देण्याची फेड रिव्हॉल्व्हरांनी करायचे ठरले. पुढे मार्च १९४१ मध्ये ‘लेंड-लीज’ कायदा झाला आणि मित्रराष्ट्रांना उसनवारीवर युद्धसामग्री देण्याचा मार्ग मोकळा झाला. ब्रिटन व राष्ट्रकुलाच्या सैन्यांना या नमुन्याची पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे मिळाली. सहा गोळ्यांचे फिरते चक्र, पाच इंची नळी, आणि ब्रिटिशांच्या पसंतीचे आखूड, जाड काडतूस.

युद्ध संपले. लाखो अधिकारी घरी गेले आणि त्यांच्या कमरेची शस्त्रे कोठारांत परतली. सरकारला ती सांभाळायला जागा, तेल, पहारेकरी लागतात. विकली तर चार पैसे येतात. पन्नाशीच्या दशकात युरोपातली कोठारे अशी घाऊक भावाने रिकामी होऊ लागली. माल बनवण्याचा खर्च करदात्यांनी कधीच उचललेला होता, त्यामुळे व्यापाऱ्याला लागली ती फक्त वाहतूक आणि थोडी डागडुजी. नव्या शस्त्राच्या निम्म्याहून कमी किमतीत विकूनही त्याला नफा सुटत असे.

आता एक गंमत पाहा. या स्वस्त मालाने सगळ्यात जास्त कळवळले ते अमेरिकेतले शस्त्र-कारखानदारच. मॅसॅच्युसेट्स आणि शेजारचे कनेक्टिकट ही त्यांची माहेरघरे. आपणच घडवलेली रिव्हॉल्व्हरे समुद्र ओलांडून परत आली आणि आपल्याच दुकानाचे गिऱ्हाईक पळवू लागली, हे त्यांना कसे सोसावे? म्हणून १९५८ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने जुन्या लष्करी बंदुकांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. हेतू स्थानिक धंद्याला संरक्षण देण्याचा होता. लोकांच्या जिवाची काळजी त्यात फारशी नव्हती. ते विधेयक मांडल्या रूपात मंजूर झाले नाही. सिनेटरचे नाव जॉन फिट्झेराल्ड केनेडी.

आपले रिव्हॉल्व्हर इंग्लंडहून कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे आले. तिथून ३ जानेवारी १९६२ रोजी ९९ शस्त्रांच्या एका खोक्यातून ते लॉस एंजेलिसच्या विक्रेत्याने घेतले. इतकी लांब नळी खिशात मावत नाही. म्हणून व्हॅन नाइस इथल्या बंदूक-कारागिराकडून ती कापून सव्वादोन इंचांची करून घेतली. ब्रिटिश काडतूस अमेरिकेत फारसे चालत नव्हते, म्हणून चक्रातली घरे खोल करून त्यात तिथले प्रचलित ‘.३८ स्पेशल’ बसेल अशी सोय केली. लष्करी पट्ट्यात मिरवायचे शस्त्र असे कोटाखाली लपवायचे झाले, आणि मासिकांतल्या जाहिरातींत त्याची किंमत लागली २९ डॉलर ९५ सेंट.

जाहिरातीचे कूपन कोणीतरी शाईने भरले. त्यावर २७ जानेवारी ही तारीख होती, साल नव्हते. ग्राहकाचे नाव ए. जे. हिडेल, पत्ता डॅलसची टपालपेटी २९१५. ग्राहक अमेरिकन नागरिक आहे आणि त्याला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, याला साक्षीदार म्हणून डी. एफ. ड्रिटल अशी सही होती. हिडेल नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता आणि ड्रिटलही नव्हता. दोन्ही हस्ताक्षरे ली हार्वे ऑस्वाल्डची होती. सोबत दहा डॉलर रोख, उरलेले १९.९५ डॉलर आणि १.२७ डॉलर वाहतूक खर्च माल ताब्यात घेताना द्यायचा. १९२७ च्या कायद्याने सरकारी टपालातून पिस्तूल-रिव्हॉल्व्हर पाठवायला बंदी होती, पण खासगी पार्सल कंपनीला ती लागू नव्हती. त्या वाटेने २० मार्च १९६३ रोजी माल रवाना झाला. त्याच दिवशी शिकागोच्या दुसऱ्या दुकानातून त्याच हिडेलच्या नावे इटालियन लष्कराची जुनी रायफल निघाली, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट.

त्या काळच्या दराने रिव्हॉल्व्हरचे १४३ रुपये होतात. पण रुपयांपेक्षा मजुरीचा हिशेब जास्त बोलका आहे. त्याच वर्षी पुढे ऑस्वाल्ड शालेय पुस्तकांच्या कोठारात लागला, तिथे त्याला तासाला सव्वा डॉलर मिळे. म्हणजे आठ तासांच्या तीन दिवसांची मजुरी.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्या रायफलीने काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. रिव्हॉल्व्हरची गोष्ट त्या धुरळ्यात मागे पडते. राष्ट्राध्यक्षांवर गोळ्या झाडल्या गेल्यावर पाऊण तासात डॅलसच्या ओक क्लिफ वस्तीत पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट हे याच रिव्हॉल्व्हरने मारले गेले. थोड्या वेळाने चित्रपटगृहात ऑस्वाल्ड पकडला गेला, तेव्हा ते त्याच्या हातात होते. तपासात स्वस्त डागडुजी आडवी आली. नळी मूळच्या जाड गोळीसाठी कोरलेली, त्यात बारीक गोळी भरलेली. ती नळीत नीट घासून जात नव्हती, आणि नळीच्या पेचांचे ओरखडे ही तर गोळीची बोटांची छाप. टिपिट यांच्या शरीरातल्या चारही गोळ्या याच शस्त्रातल्या असे केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञाला ठामपणे म्हणता आले नाही. ओळख पटली ती जागेवर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांवरून.

यात मला सतावणारी गोष्ट अशी की, या साखळीत शेवटचा दुवा सोडला तर कोणी गुन्हेगार नाही. कारखान्याने देशासाठी बनवले, सरकारने मित्राला दिले, मित्राने जुने म्हणून विकले, व्यापाऱ्याने रीतसर आणले, कारागिराने सांगितले तेवढे कापले, पार्सलवाल्याने खोके पोचवले. आमच्या जैन परंपरेत, आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात, अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘हिंसादान’ म्हणून एक आहे. स्वतः न मारता मारण्याची साधने दुसऱ्याला देणे हा तिथे देणाऱ्याचा दोष धरला आहे. लहानपणी पाठशाळेत ही यादी घोकताना, शेजाऱ्याला कुऱ्हाड उसनी देण्यात कसला आला दोष, असे वाटायचे. उसनवारीचा पसारा केवढा होऊ शकतो, ते लेंड-लीज वाचताना कळले.

अमेरिकेने कायदा बदलला, पण सावकाश. कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड यांनी पार्सलने होणाऱ्या पिस्तूल-विक्रीला आळा घालणारे विधेयक ऑगस्ट १९६३ मध्ये, म्हणजे हत्येच्या तीन महिने आधीच, मांडले होते. ते रेंगाळले. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचा बळी गेल्यावर ऑक्टोबर १९६८ मध्ये कायदा झाला. घरपोच विक्री थांबली, जुन्या लष्करी शस्त्रांची आयातही थांबली. पुढे ऐंशीच्या दशकात जुनी, संग्राह्य शस्त्रे आणायला पुन्हा वाट मिळाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर रशियाची नगां रिव्हॉल्व्हरे तिथे शंभर डॉलरच्या आत विकली गेली.

भाव मात्र उलटाही फिरतो. ऑस्वाल्डच्या दोन्ही शस्त्रांसाठी डेन्व्हरच्या एका तेल-व्यावसायिकाने त्याच्या विधवेला दहा हजार डॉलर आगाऊ दिले होते. सरकारने कायदा करून शस्त्रे स्वतःकडे ठेवली. ती आज मेरीलँडमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ऑस्वाल्डला मारणाऱ्या जॅक रूबीचे साडेबासष्ट डॉलरांचे कोल्ट १९९१ मध्ये दोन लाख वीस हजारांना लिलावात गेले. यात मला तरी कौतुकासारखे काही दिसत नाही.

आपल्याकडे चित्र अगदी वेगळे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या हत्यार कायद्याने देशी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना सूट दिली. राष्ट्रीय सभेने सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, भेदभाव गेला, परवाना राहिला. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली. त्यामुळे तिकडे ज्या वेब्लीला कोणी विचारत नव्हते, तिची इथे परवानाधारकांत लाखांत किंमत होते. धातू तोच, पोलाद तेच, भाव कायद्याने ठरवलेला.

तेव्हा इनामदार-सरदारांच्या वाड्यांत, जुन्या लष्करी कुटुंबांत वारशाने आलेले शस्त्र असेल, तर ते विकून किती येतील हा प्रश्न नंतरचा. परवाना मयताच्या नावे असला तर तो वारसाला आपोआप लागू होत नाही. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग रीतसर अर्ज करावा लागतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. जमा करण्याआधी मुठीचा तळ जरूर पाहा. तिथे स्मिथ अँड वेसनचा क्रमांक ‘व्ही’ने सुरू होत असेल, तर ते व्ही ५१०२१० चे भावंड आहे. नळी पाच इंची आणि न कापलेली असेल, तर ते स्प्रिंगफील्डहून निघाले तसेच तुमच्या घरी आले.