पॅरिस, लंडन, झुरिक: क्रम चुकला की व्हिसा संपला!

शिरवळहून महामार्ग धरून पुण्याला व्हिसासाठी ठसे द्यायला निघण्याआधी सहलीचा क्रम तपासा. फ्रान्स, स्वित्झर्लंडसह 29 देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ब्रिटनचा मात्र वेगळा. पॅरिसहून युरोस्टार रेल्वेने लंडनला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता. व्हिसा ‘सिंगल एंट्री’ असेल तर तो तिथेच संपतो, दिवस शिल्लक असले तरी! पुढचं झुरिकचं तिकीट वाया. (टूरवाले हे सांगतीलच असं नाही.) म्हणून लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, नाहीतर ‘मल्टिपल एंट्री’ मागा. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो.